छर्ऱ्याचा वाटा

"आप्पा, येताना वाटंत आमचा छर्ऱ्या दिसला का?" भिमानं विचारलं. नजर चुलीवरच्या लोखंडी पळीवर. पळीत वितळलेलं शिसं पाऱ्यासारखं थरथरत होतं.

माझ्या हातात स्टीलचा डबा होता आणि डब्यात छर्ऱ्या होता.

"न्हाई बा," मी म्हणालो.

आता तुम्ही म्हणाल, म्हातारा सुरू झाला. बरोबर आहे. आमच्या केंदूर गावात माझ्या थापांना तोड नाही. भिमानं ओतलेल्या शिशाच्या छर्ऱ्यानं वाऱ्याला भोक पडलं आणि त्यातून अजून शीळ ऐकू येते, हे मीच पसरवलेलं. त्याचा छर्रा बांधाला वळसा घालून डुकराला गाठतो, हेही माझंच. या बाता ऐकूनच शिकारीचा नाद असलेले हौसराव त्याच्या दारात आले. बंदूक त्यांची, परवाना त्यांचा, पण विकतची काडतुसं त्यांच्या हौसेला पुरेनात. मग उडवलेली रिकामी काडतुसं पिशवी भरून भिमाकडे यायची. शिक्रापूरच्या टायरवाल्यांकडून चाकाला लावायची शिशाची वजनं आणायची, वितळवून छर्रे ओतायचे, काडतुसं भरून द्यायची. चार वर्षं हेच. त्या धुरानं भिमाच्या जिभेची चव गेली, नाकाचा वास गेला. पळी मुळात त्याच्या बायकोच्या, तानुबाईच्या फोडणीची. शिशाला लागली ती तिनं परत घरात घेतली नाही.

छर्ऱ्या म्हणजे भिमाचा मेंढा. कळप विकून भिमानं विहीर पाडली, तेव्हा एवढा एकच ठेवला. कोकरू असताना त्याला लांडग्यानं उचललं होतं. भिमानं बापाच्या ठासणीच्या बंदुकीनं बार काढला. लांडगा पळाला, पण एक छर्रा कोकराच्या मांडीत शिरला. जनावरांचा डॉक्टर म्हणाला, राहू दे आत. म्हणून हे नाव. त्या वेळी भिमा भोकं पाडलेल्या डब्यातून शिसं पाण्यात सोडायचा, आणि प्रत्येक छर्ऱ्याला थेंबासारखी शेपटी यायची. पुढं कोरेगावला लेथवर काम करणाऱ्या संपतनं त्याला साचा करून दिला. छर्रे गोल गरगरीत यायला लागले. शेपटीवाले जुने सगळे रानोमाळ उडून गेले. मांडीतला तेवढा एक राहिला.

यात थाप नाही.

त्या दिवशी पहाटे मी हौसरावांच्या जीपमध्ये होतो. मला नेतात ते गप्पांसाठी. दौंडचा माळ पालथा घातला, ससासुद्धा दिसला नाही. उजाडल्यावर परत येताना गावाजवळच्या तुरीत काहीतरी हललं. हौसरावांनी बसल्या जागेवरून बार काढला. जाऊन बघतो तर छर्ऱ्या. गळ्यात तुटकं दावं.

"आरं, ह्यो तर भिम्याचा," कुणीतरी म्हणालं.

"मेलाय न्हवं? मग माती कशाला करायची?" हौसराव म्हणाले. "टाका मागं. आन् भिम्यालाबी वाटा धाडा. छर्ऱ्याचा मान हाय त्येचा."

सगळे हसले. मीही हसलो.

"आप्पा, शिजल्यावर डबा तुम्हीच न्या," हौसराव म्हणाले. "हरीण म्हनून सांगा. तुमच्यावानी थाप कुनाला जमतीय?"

सांगायची किळस येते, पण ते ऐकून मला बरं वाटलं होतं.

तर डबा मी ओट्यावर ठेवला. भिमानं हात धुऊन भाकरी आणली, मलाही ताट वाढलं.

"कशाचं म्हनायचं?"

"हरणाचं. आसं उडालं म्हंतोस, आंग खाली आलं तरी सावली अर्धा घंटा वरच!"

भिमा खदखदून हसला. तेवढ्यात ओढ्याकडून तानुबाईची हाक आली, "छर्ऱ्याऽऽ! ये रं माझ्या राजा, हुर्रर्रऽऽ!"

"काल सांजच्यापास्नं हिंडतीया," भिमा म्हणाला. घास चावत त्यानं विचारलं, "आप्पा, चव कशी हाय वो? मला मेलं समदं शिशावानी लागतंय. तुमीच सांगा."

"लोण्यावानी," मी म्हणालो. आणि रस्सा मागून घेतला. दोनदा.

मग कट्कन आवाज झाला. भिमानं दाढेत बोट घालून काहीतरी काढलं. "ह्ये बघा, आमचाच माल!" म्हणत त्यानं ते तांब्यातल्या पाण्यात खळबळलं, अंगठ्यानं मसाला पुसला आणि तळहातावर घेतलं.

काळा, बारका छर्रा. त्याला शेपटी होती.

ओढ्याकडून पुन्हा हाक आली.

भिमानं तो बोटानं उलटा केला, पुन्हा सुलटा केला. मला गप्प बसता आलं असतं. पण जिभेला सवय. "त्याचं काय झालं भिमा," मी सुरू केलं, "तवा तू लांडग्यावर बार काढलास न्हवं, तवा पल्याड ह्ये हरीण चरत हुतं. लहान हुतं. यक छर्रा त्याला लागला, ते तसंच दौंडाच्या माळाला गेलं, तितंच वाढलं..." हरणाची आईसुद्धा आणली मी त्यात. भिमानं शेवटपर्यंत ऐकलं, मध्ये एकदाही अडवलं नाही.

"व्हय," तो म्हणाला. "तसंच आसंल, आप्पा."

उठला. तांब्या संपेपर्यंत चुळा भरल्या. मग बांधावर जाऊन त्यानं ओरडून सांगितलं, "अगंऽ, हाका मारू नगं आता. घरला ये."

परत आला तोवर चूल विझत आली होती. पळीतल्या शिशावर साय धरली होती. त्यानं पळी तशीच उचलून खाली ठेवली.

"हौसरावास्नी सांगा, शिसं सपलं."

चुलीशेजारी शिशाच्या वजनांनी भरलेलं घमेलं होतं. मी घमेल्याकडं बघितलं, त्यानं माझ्याकडं. भिमा जन्मात पहिल्यांदा खोटं बोलला होता.

तानुबाई आली. पायांना काटे, पदरात छर्ऱ्यासाठी तोडलेला पाला. तिनं ताटं बघितली, नवऱ्याकडं बघितलं. भिमानं मूठ उघडली. ती खाली बसली. मग डब्यातलं आणि ताटातलं उरलेलं सगळं घेऊन छर्ऱ्याच्या खुंट्याशी गेली, खुरप्यानं खड्डा करून त्यात ठेवलं, वर पाला घातला, माती ओढली. डबा राखेनं घासला, आत नेला, आणि झाकण लावून माझ्या हातात आणून दिला.

वाटेनं डब्यात काहीतरी खुळखुळायला लागलं. मनात म्हटलं, घातला. तो छर्राच घातला, बरं केलं. बांधावर टेकून मी झाकण काढलं.

आमच्याकडं डबा रिकामा परत देत नाहीत. आत ज्वारी होती. मी बोटं घालून तळापर्यंत चिवडली, ओंजळीत घेऊन पुन्हा बघितली. छर्रा नव्हता. नुसती मूठभर ज्वारी होती, खडा न खडा निवडलेली.