चौथ्या दारातली दहा पाखरं

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे, पण माझ्यावर आजवर कुणी खडू घासलेला नाही. मला बारा दारं आहेत. तळहाताएवढी, लाकडाची, प्रत्येकाला स्वतःची कडी. प्रत्येक दारावर कागदावर लिहून चिकटवलेलं एक कोडं आणि दारामागं त्याच्या उत्तराचं चित्र. मुखेडपासून सात किलोमीटरवरच्या एका वाडीत, शाळेच्या व्हरांड्यात मी टांगलेला आहे. शाळेला कुलूप आहे. आज सकाळपासून माझ्यासमोर एक शेळी बसली आहे. तिला मी कोडं तरी काय घालणार?

सत्तावीस वर्षांपूर्वी अण्णाराव गुरुजींनी मला शरणप्पा सुतारांकडून करून घेतलं. लाकूड ओढ्यात पडलेल्या बाभळीचं. म्हणून मी वजनानं जड आणि स्वभावानं जरा तिरसट आहे, हे आधीच सांगून ठेवतो. शेवटची बिजागरी ठोकताना शरणप्पा हसून म्हणाले, "गुरुजी, बारा दारं केली, अन् आत खोली एक बी न्हाई. ह्या घरात ऱ्हाणार तरी कोण?"

"पोरं राहतील," गुरुजी म्हणाले.

आणि पोरं राहिली. तेव्हा शाळेचा पट चौसष्ट होता, म्हणजे हजेरीत चौसष्ट नावं होती. मधली सुट्टी झाली की माझ्यापुढं रेटारेटी व्हायची. गुरुजींचा नियम कडक होता. उत्तर मोठ्यानं सांगितल्याशिवाय दार उघडायचं नाही. बरोबर आलं तर टाळ्या. चुकलं तर हसायचं नाही, पण चुकणाऱ्यानं दुसऱ्या दिवशी घरून एक नवं कोडं आणायचं. त्यामुळे हुशार पोरांनी माझी दारं उघडली, पण मला पोसलं ते चुकणाऱ्यांनी. त्यांच्या आज्या, चुलते, फाट्यावर एसटीची वाट बघणारी म्हातारी माणसं, सगळे माझ्यासाठी कोडी पाठवायचे.

"मार खाल्ल्याशिवाय बोलत नाही. सकाळी बोलली की पोरं रडतात, संध्याकाळी तेच बोलली की उड्या मारतात." ही शाळेची घंटा. "एका पायावर बाप उभा, डोक्यावर शंभर लेकरं." हे ज्वारीचं कणीस. एक कोडं तर पोरांना आठवडाभर पुरलं. मुखेडहून एसटी निघाली, तिच्यात पाच प्रवासी. वाटेत कुणी चढलं नाही, कुणी उतरलं नाही. आमच्या फाट्यावर मात्र सहा जण उतरले. कसे? एक म्हणाला, गाडीतच बाळ झालं असेल. दुसरा म्हणाला, एक जण टपावर लपला होता. शेवटी दार उघडलं, तर आत कंडक्टर. चहा प्यायला उतरलेला!

माझ्या चौथ्या दारावरचं कोडं मात्र गुरुजींनी स्वतः लिहिलं होतं आणि ते कधीच बदललं नाही. "फांदीवर दहा पाखरं बसली. गोफणीचा दगड लागून एक पडलं. फांदीवर किती राहिली?"

"नऊ!" तिसरीतला बसवंत सगळ्यांच्या आधी ओरडला. दार उघडलं, तर आत नुसती रिकामी फांदी. तो बघतच राहिला. मग त्याच्या डोक्यात उजेड पडला आणि त्यानं कपाळावर हात मारला. एक पडल्यावर बाकीची भिऊन उडणारच की! पुढं महिनाभर तो गावात दिसेल त्याला हेच कोडं घालत हिंडला.

गुरुजी निवृत्त होऊन लातूरला लेकाकडं गेले. मग कितीतरी शिक्षक आले आणि बदलून गेले. मधल्या काळात माझ्या कड्या गंजल्या, सातव्या दारात पालीनं अंडी घातली आणि लोक मला 'ते कपाट' म्हणू लागले. तो अपमान मी अजून विसरलेलो नाही. आठ वर्षांपूर्वी वर्षाराणी मॅडम आल्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी कड्यांना गोडं तेल लावलं, गुरुजींचा नियम गावातून विचारून घेतला आणि पुन्हा चालू केला. मी परत माणसांत आलो.

पण पट घटत होता. सकाळी इंग्रजी शाळांच्या पिवळ्या गाड्या वाडीत यायच्या आणि पोरं भरून न्यायच्या. चाळीस झाला, एकतीस झाला, चोवीस झाला. गेल्या वर्षी बरोबर वीसवर येऊन थांबला. त्याच्या खाली गेला तर शाळा बंद करून पोरांना ओढ्यापलीकडच्या गावात पाठवणार, असं मॅडमना वरून कळवलं होतं. त्या रोज हजेरी घेताना दोनदा मोजायच्या.

त्या वीस जणांत दोघी माझ्या फार लाडक्या. एक पुनम, त्याच बसवंतची मुलगी. तिला एकही दार अडवू शकत नसे. दुसरी तिची मैत्रीण सिंधु. "हातावर नाचली, तव्यावर रुसली, विस्तवावर फुगली," या कोड्याला सिंधुनं ठसक्यात उत्तर दिलं होतं, "आमची आत्या!" त्या दिवशी न हसण्याचा नियम मॅडमनीसुद्धा मोडला. उत्तर भाकरी होतं. दुसऱ्या दिवशी सिंधु आपल्या नीलाबाई आजीकडून नवं कोडं घेऊन हजर. कोडं आणायला मिळावं म्हणून ही मुद्दाम चुकते, हे माझ्या हळूहळू लक्षात आलं. माझ्या बारापैकी सात दारांवर तिचीच कोडी होती.

हिवाळ्यात मुखेडला लहान मुलांची कोड्यांची स्पर्धा झाली. मॅडम पुनमला घेऊन गेल्या. तिनं सगळी कोडी सोडवली आणि पहिली आली. मिळालेली ढाल माझ्या शेजारीच टांगली. भर पावसाळ्यात फुगत नाही एवढा मी त्या दिवशी फुगलो. पण तिथंच आमचं चुकलं. स्पर्धेच्या व्यासपीठावर एका खासगी शाळेचे संस्थाचालक बसले होते.

आठ दिवसांत बसवंत व्हरांड्यात येऊन उभा राहिला. "मॅडम, दाखला पायजे. पुनमला मुखेडला इंग्रजी शाळेत घालायलोय. फी बी माफ केली त्यांनी. पोरगी लई हुशार हाय म्हणले."

मॅडमनी त्याला माझ्यापुढं आणलं आणि चौथ्या दारावर बोट ठेवलं. "बसवंतभाऊ, एवढं वाचा."

तो हसला. "हे तर गुरुजींचं कोडं. एक बी ऱ्हात न्हाई."

"आपला पट वीस आहे. एक गेली, तर किती राहतील?"

त्याचं हसू मावळलं. तो माझ्या कडीशी चाळा करू लागला. मग खाली बघून म्हणाला, "मॅडम, तुमचं खोटं न्हाई. पन एकोणीस पोरांसाठी माझ्या एकुलत्या एका पोरीला मी हितं ठिवू का? तुमचा मुलगा कोन्त्या शाळेत हाय?"

मॅडमचा मुलगा नांदेडला इंग्रजी शाळेत होता. त्या वळल्या. आत गेल्या आणि दाखला लिहून घेऊन आल्या. मला इतका संताप आला होता, पण रागवायला माणूसच सापडेना. पुनमला हुशार तर मीच केलं होतं.

जूनमध्ये शाळा बंद झाली. ट्रॅक्टर आला आणि टेबल, टीव्ही, खिचडीची पातेली, घंटा, ढाल, सगळं घेऊन गेला. मोजदाद करणाऱ्या साहेबांनी माझ्याकडं बघून रजिस्टर चाळलं. माझी नोंदच नव्हती. "ऱ्हाऊ द्या ते कपाट," ते म्हणाले. मॅडमची बदली लोहा तालुक्यात झाली. जाताना त्यांनी माझ्या बाराही कड्या एकेक करून लावल्या. पदरानं डोळे पुसत बाराव्या कडीपाशी त्या किती वेळ थांबल्या होत्या! काही पोरं पिवळ्या गाडीत गेली, काही ओढा ओलांडून चालत जातात. सिंधु घरी राहिली. धाकट्या भावाला सांभाळायला कुणी नाही आणि ओढ्याच्या वाटेनं पोरीला एकटी धाडायची नाही, असं तिच्या घरचे म्हणाले.

गेल्या रविवारी दोघी माझ्यापुढं आल्या. सिंधुच्या कडेवर भाऊ होता.

"तुमच्या शाळंत कोडी घालतेत का गं?" सिंधुनं विचारलं.

"न्हाई," पुनम म्हणाली. मग जुन्या सवयीनं तिनं चौथ्या दारावर टिचकी मारली. "सांग. फांदीवर किती राहिली?"

याचं खरं उत्तर शाळेतल्या पहिलीच्या पोरालाही पाठ होतं. सिंधुचे डोळे चमकले. "नऊ!" ती म्हणाली. "चुकलं ना माझं? आता मी उद्या नवं कोडं आणते. आजीनं लई भारी सांगितलंय."

पुनमचा हात कडीवर होता. उद्या सोमवार. सात वाजता गाडी येणार, तिला घेऊन जाणार आणि अंधार पडल्यावरच परत सोडणार. इथं कोडं ऐकायला कुणी असणार नव्हतं. तिनं दार उघडलं नाही.

"न्हाई चुकलं," ती रडवेल्या आवाजात म्हणाली. "नऊच बरोबर हाय. नऊ ऱ्हायला पायजे व्हते."

"म्हंजे कोडं न्हाई आणायचं?"

"न्हाई आणायचं," पुनम म्हणाली. सिंधुनं भावाला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि ती घराकडं गेली. नीलाबाईंचं ते कोडं कोणतं होतं, ते मला आता कधीच कळणार नाही.

मित्रांनो, सत्तावीस वर्षांत माझ्यासमोर चुकीच्या उत्तराला बरोबर म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं, आणि मला ते खोटं म्हणवलं नाही. मला रंग द्या, नव्या भिंतीवर टांगा, असं मी मागत नाही. माझ्या लाकडाला आता वाळवी लागली आहे. एकच विनवणी आहे. एक पाखरू गेलं तरी उरलेली नऊ बसून राहतात, अशी एखादी फांदी तुमच्या गावात अजून असेल, तर तिला जपा.