भुऱ्या, आबाले सांग

शेवंतानं हळदीची चिंधी दंडावर करकचून बांधली, गाठ दातांनी ओढली आणि चोळीची बाही खाली सरकवली. बाही कोपरापर्यंत येत होती. बरं झालं, काही दिसत नव्हतं. झोळीत पुष्पा हुंदके देत देत एकदाची झोपली होती. तेवढ्या वेळात तव्यावरची ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर एका अंगानं काळी पडली. ती शेवंतानं स्वतःच्या वाट्याला काढून ठेवली आणि दुसरी थापायला घेतली. डाव्या हातात जोर लागत नव्हता.

स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर भुऱ्या पसरला होता. पुढच्या पायांवर हनुवटी टेकून असा पडला होता, की जसा काही त्या गावचाच नाही! पलीकडे ओसरीत तिचे सासरे चुडामण पाटील दोर वळत बसले होते. सारं गाव त्यांना आबा म्हणायचं. ते आत्ताच केळीच्या बागेतून परतले होते आणि घरात काय घडलं याचा त्यांना पत्ता नव्हता.

शेवंतानं पदर नाकाखाली ओढला.

"भुऱ्या, आबाले सांग..."

भुऱ्यानं कान टवकारले. शेवंता थांबली. पुढचे शब्द ओठांवर आले आणि तिथंच अडले.

"आबाले सांग, भाकर झाली."

ओसरीतून खाकरल्याचा आवाज आला.

"तिले सांग, येतो म्हना हातपाय धुऊन."

सून सासऱ्याशी बोलत नाही, त्याच्यासमोर तोंड उघडं टाकत नाही, ही रीत गावात घरोघरी होती. पण बाकीच्या घरांत निरोप न्यायला सासू असते, नणंद असते, दीर असतो. शेवंता लग्न होऊन आली त्याच वर्षी तिची सासू गेली. नणंद नव्हती, दीर नव्हता. नवरा लोटन केळीच्या वॅगनींबरोबर दिल्लीला जायचा. आला की चार घास खाऊन पुन्हा स्टेशनावर. मग सासरा आणि सून या दोघांनी करायचं काय? सुरुवातीला शेवंता दाराच्या चौकटीला सांगायची आणि आबा खांबाला. पण खांब कुठं मान हलवतो? भुऱ्या तेव्हा पिल्लू होता. नाव घेतलं की कान टवकारायचा, शेपूट हलवायचा. बस्स, हे काम त्याच्या गळ्यात पडलं. लोटन हसून म्हणायचा, "आपल्या घरचा वकील हाये हा. दोन्ही बाजूंनी बोलतो आन भाकर खाऊन झोपतो."

बोलणं तरी किती झालं त्याच्यामार्फत! "भुऱ्या, तिले सांग, कालवनात मीठ कमी हाये." मीठ कमी नाही असं कालवण आबांनी जन्मात खाल्लं नव्हतं, आणि शेवंताला त्यावर उलटून काही म्हणायची सोय नव्हती. ती आपली आतल्या आत चरफडायची. पण पुष्पा झाली, मुलगी म्हणून भाऊबंद तोंडं वाकडी करून गेले, तेव्हा आबांनी भुऱ्याला जवळ बोलावून चांगल्या मोठ्या आवाजात सांगितलं होतं, "तिले सांग, रडू नको म्हना. आपल्या घरी लक्ष्मी आली." बाजेवर पडल्या पडल्या शेवंतानं ते ऐकलं होतं. तेव्हापासून भुऱ्यावर तिचा फार जीव होता. ओल्या बाळंतिणीला असा निरोप दुसऱ्या कोणी आणला होता?

गेल्या हिवाळ्यात बागेत रानडुकरानं भुऱ्याची मांडी फाडली आणि तिथून त्याचं काहीतरी बिनसलं. जखम भरली, पण स्वभाव काही पुन्हा जागेवर आला नाही. पिसाळला म्हणावं तर तसंही नव्हतं. पाणी पीत होता, माणसं ओळखत होता. मधूनच डोक्यात सणक यायची आणि मग समोर कोण आहे हे तो बघायचा नाही. सालदाराच्या हाताला चावला. आबा म्हणाले, यानंच काठी उगारली असेल. दूधवालीचं लुगडं फाडलं. आबा म्हणाले, पळाली असेल, पळणाऱ्याच्या मागं कुत्रं लागणारच. इतकी वर्षं भुऱ्यानं त्यांची वकिली केली होती, आता ते त्याची करत होते.

आणि आज सकाळी पुष्पा रांगत रांगत त्याच्या ताटलीपाशी गेली. गुरगुर कानावर पडली तशी शेवंता पिठाच्या हातांनी धावली आणि तिनं मधे हात घातला. पोरीच्या तोंडाला लागायचे ते दात तिच्या दंडात रुतले.

सांगायला तर हवंच होतं. पण सांगायचं कसं? भुऱ्या, आबाले सांग, तू मले चावला? आबाले सांग, तू पोरीच्या अंगावर गेला? जेवताना आबांनी विचारलं, "भुऱ्या, तिले विचार, पोरगी काहून रडत होती?" शेवंता म्हणाली, "आबाले सांग, पडली जराशी." आणि मागून जेवताना तोंडातला घास तिला कडू लागला.

दुपार कलल्यावर शेजारचा कौतिकभाऊ गल्लीतल्या चार जाणत्या माणसांना घेऊन आला. सोबत भिकुबाई होती, लंगडत, पोटरीला फडकं बांधलेलं. ती आबांच्याच बागेत मजुरीला यायची. भुऱ्यानं तिला काल संध्याकाळी धरलं होतं.

"आबा, आता बस झालं," कौतिकभाऊ म्हणाला. "हे कुत्रं ठेवाच्या लायकीचं नही राह्यलं."

"इनं काही केलं असीन."

"मी काठी बी नही उगारली आन पयाली बी नही," भिकुबाई ताडकन म्हणाली. "वाकून गवत काढत होती, आबा. तुमच्याच केयीतलं."

माणसं हसली. आबा हसले नाहीत. "तुले मी उद्या जळगावच्या दवाखान्यात नेतो," ते म्हणाले. "तुही मजुरी बी बुडू देनार नही. पन त्याले माराचं नाव काढू नका. राखनीचं कुत्रं हाये ते, परक्यावर जाईनच. घरच्या मानसाले त्यानं आजपावेतो दात लावला का? ज्या दिवशी लावीन, त्या दिवशी मी सोता बंदूक उचलीन. मंग झालं?"

बंदूक त्यांच्या मागंच खुंटीवर होती. रानडुकरांसाठी परवाना काढून घेतलेली, ठासणीची. कौतिकभाऊनं तिच्याकडे पाहिलं, बाकीच्यांनी एकमेकांकडे. पाटलाच्या शब्दापुढं आता काय बोलणार? एकजण उठायच्या तयारीनं टोपी सारखी करू लागला.

दाराआड शेवंता पुष्पाला कडेवर घेऊन उभी होती. पोरगी खाली झेपावत होती, उंबऱ्यावरच्या भुऱ्याकडे हात करून "भू, भू" म्हणत होती. माणसं उठली की हे बोलणं संपलं. मग उद्या सकाळी पुन्हा चूल, पुन्हा भाकर, पुन्हा ही रांगणार. आणि दर वेळी आपला हात वेळेवर पोचेल, हे कोणी सांगावं?

"भुऱ्या," ती म्हणाली. "आबाले सांग..."

भुऱ्यानं मान वर केली. शेपूट जमिनीवर आपटली. रोजचं काम आलं होतं आणि तो अगदी तयार होता. त्याचे ते डोळे बघून शेवंताला भडभडून आलं. याच्याच तोंडी याचं मरण घालायचं? छे. एवढं खोटं वागणं तिला जमणार नव्हतं.

तिनं पोरीला घट्ट धरलं, लुगड्याचा काठ सावरला आणि भुऱ्याला ओलांडून ती ओसरीत आली.

"आबा."

कौतिकभाऊच्या हातातली बिडी तशीच राहिली. आबांनी सवयीनं आधी भुऱ्याकडे पाहिलं. भुऱ्या शेवंताकडे बघत होता. मग आबांची नजर हळूहळू तिच्या पावलांवर आली, आणि तिथून वर.

"आबा, घरच्या मानसालेबी लावला."

तिनं बाही वर केली, दातांनी गाठ सोडली. चिंधी हळदीनं पिवळी आणि रक्तानं काळी झाली होती. "सकायी पुष्पावर गेला होता. मी मधात हात घातला."

"सूनबाई," कौतिकभाऊ घाईघाईनं म्हणाला, "तुम्ही आत जा. मानसायच्या बसन्यात..."

"थांब कौतिक," आबा म्हणाले. "ती माह्यासंग बोलते हाये."

आबांनी दोर बाजूला ठेवला. जखमेकडे पाहिलं, नातीच्या गालाकडे पाहिलं.

"सकायीच काहून नही सांगितलं?"

"कोनाले सांगू?" शेवंता म्हणाली. "त्यालेच सांगा लागलं असतं."

आबांनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं. मग सगळ्यांच्या देखत, तिच्याकडे सरळ बघत त्यांनी विचारलं, "तुलेबी उद्या दवाखान्यात नेतो. पन याचं आता काय करू? तू सांग."

शेवंताला आजवर असं कोणी विचारलं नव्हतं. ना माहेरी, ना सासरी. तिची पाठ आपोआप ताठ झाली.

"त्याले शिव्या नका देऊ, आबा. त्याच्यात त्याचा दोष नही. पन पोरगी उद्या चालाले लागीन, दारात खेयीन. बांधून ठेवला तरी दोरी कधीतरी सुटीनच. त्याले जाऊ द्या." तिनं श्वास घेतला. "इख नका घालू. तडफडून नको. तुमचा नेम चुकत नही."

"बरी बोलली व माय!" भिकुबाई म्हणाली. "सारे मानसं बसले, पन सांगितलं इनंच."

दिवस मावळायच्या आधी शेवंतानं ताजी भाकर दुधात कुस्करून उंबऱ्याबाहेर ठेवली आणि दूर उभी राहिली. भुऱ्यानं ताटली चाटूनपुसून साफ केली आणि तिच्याकडे पाहिलं, काही सांगायचंय का म्हणून. तिनं मान हलवली. काही नाही. आबांनी बंदूक खांद्यावर घेतली तसा तो उड्या मारत पुढं निघाला. राखणीला जायचं म्हटलं की त्याला कोण आनंद! बागेच्या वळणावर पोचला तरी त्याची शेपूट वरच होती.

बार एकच झाला. शेवंतानं पुष्पाला छातीशी धरलं आणि पोटभर रडून घेतलं.

पण गल्लीत भुऱ्याचं नावसुद्धा कोणी काढत नव्हतं. चुडामण पाटलाची सून सासऱ्याशी बोलली, तीही चार माणसांत, आणि पाटलानं तिचं ऐकलं! विहिरीवर बायांच्या घागरी भरून वाहत होत्या तरी बोलणं संपत नव्हतं. कौतिकभाऊच्या घरातून तर त्याच्या धाकट्या सुनेचा हसण्याचा आवाज रस्त्यापर्यंत आला, जो याआधी कोणी ऐकला नव्हता.

आबा परत आले तेव्हा त्यांच्या हातांना माती लागलेली होती. बंदूक खुंटीला लावली, आंघोळ केली आणि ओसरीत खांबाला टेकून बसले. शेवंतानं ताट वाढलं. पदर डोक्यावर होता, तोंडावरून मात्र तिनं तो मागं सारला होता. रिकाम्या उंबऱ्यापाशी तिचं पाऊल जरासं अडखळलं.

"आबा, भाकर वाढली."

"आलो, शेवंता."

तिचं नाव त्यांनी घेतलं हे दोघांनाही कळलं. दोघांनीही तसं दाखवलं नाही. आबा पाटावर बसले, घास मोडला, कालवणात बुडवला आणि बराच वेळ चावत राहिले. त्यांच्या मिशा ओल्या होत्या.

"आज मीठ जास्त झालं," ते म्हणाले.

शेवंतानं दुसरी भाकर त्यांच्या ताटात टाकली.

"मीठ रोजचंच हाये, आबा."

आबांनी मान डोलावली आणि दुसरा घास मोडला.