पोकलेनचं वशिंड

विहिरीच्या काठावर पाच फावडी होती, सहा घमेली, दोन सबली, बैलगाडीचा एक नाडा, रहाटाचा एक दोर आणि एक बाज. बाज वर येणाऱ्या माणसाला निजवायला आणली होती. माणसं पस्तीसच्या आसपास. त्यांतली चौघं कमरेला दोर बांधून उतरायला तयार. आणि संत्र्याच्या झाडांना लागून आमचं पोकलेन उभं होतं. त्याचं इंजिन ठणठणीत चालत होतं, पण हात वर उठत नव्हता.

खाली अठरा फुटांवर बळीराम होता. आमच्या ऑपरेटरचा, विश्वनाथचा, बाप.

पोळा कालच झाला होता. पावसानं पंधरवडाभर दडी मारलेली, संत्र्यांची पानं दुपारी वळायला लागलेली. सकाळी बळीरामनं मोटर लावली तर ती नुसतीच गुरगुरली, पाणी ओढेना. सक्शनच्या पायपाच्या बुडाशी जाळीची झडप असते, तिला काटोलकडं सगळे फुटबॉल म्हणतात. तीत काडीकचरा अडकला असेल म्हणून तो विहिरीत उतरला, मोटर बसवलेल्या टप्प्यावर उभा राहिला, आणि उत्तरेची बाजू घसरली. वर काळी माती, खाली भुसभुशीत मुरूम. मोटरीवर सागाच्या फळ्यांचं छप्पर होतं. ते तिरपं झालं आणि त्याच्या आडोशाला तो जिवंत राहिला. हे आम्हाला कळलं ते मोटरीपासून वर येणाऱ्या पायपामुळं. आतून कोणीतरी पायपावर लोखंड ठोकत होतं.

बळीरामची बायको तुळसाबाई पायपाच्या वरच्या तोंडाशी बसली होती. ती दगडानं ठोके, खालून उत्तर येई.

"बोलून राहिले," ती म्हणे. "लवकर करा गा, बोलून राहिले."

उतरायला माणसं होती, पण उतरवता येत नव्हती. घसरलेल्या बाजूच्या वर मातीचं मोठं ढेकूळ अधांतरी लटकत होतं. ते मागून कापून काढल्याशिवाय खाली कोणी गेला तर तोही गाडला जाणार. ते काम पोकलेनचंच. कालव्याचं काम बळीरामच्या धुऱ्यापर्यंत, शेताच्या बांधापर्यंत आलेलं, म्हणून मशीन जवळ होतं. मी नागपूरला बी.एस्सी. करून ठेकेदाराकडं यंत्रांच्या देखभालीला लागलो होतो, म्हणून मीही होतो.

काठ खचू नये म्हणून विश्वनाथनं मशीन फळ्यांवर चढवलं. पहिल्या काही बकेटा भरून निघाल्या. लोक "हां, हां" म्हणायला लागले. मग पंप किंचाळायला लागला, आणि भरलेली बकेट अर्ध्यावर लोंबकळत राहिली.

"उठ ना लेका!" विश्वनाथ दांडे ओढत ओरडला. "सायेब, हा काहून अडून बसला? कालच्या दिवस आराम देल्ला न याले!"

दिला होता खरा. पोळ्याला बैल जुंपत नाहीत, म्हणून विश्वनाथनं मशीनही जुंपलं नव्हतं.

मी दाबाचा काटा जोडला. तो दोनशे दहावर जायला हवा होता, साठावर थरथरत होता. पंप किंचाळतो म्हणजे त्याला तेल पुरत नाही, किंवा तेलाबरोबर तो हवा ओढतो. टाकीचं झाकण काढून तेल पाहिलं. झाकण काढताना फस्स झालं. तेल भरपूर होतं. झाकण लावलं आणि म्हटलं, "पुन्हा पाहा."

हात सरसर वर गेला. माणसांनी टाळ्या वाजवल्या.

"झालं! सायेबाचा हात लागला!" शेजारच्या शेताचे वामनराव म्हणाले.

थोड्या बकेटा निघाल्या आणि पुन्हा तेच. तेच किंचाळणं, काटा पुन्हा साठावर.

मी गाळणी काढून धुतली. तेल पाहिलं, हात चालला, पुन्हा बसला. सक्शनच्या नळीचे पट्टे आवळले. तेल पाहिलं, चालला, बसला. जास्तीचा दाब सोडणारी झडप उघडून स्प्रिंग तपासली, ती धड होती. दर वेळी वाटे, आता सापडलं. दर वेळी इंजिन बंद केलं की सगळे गप्प होत आणि तुळसाबाई दगड उचले.

टक. टक.

खालून टक.

"हाय," ती म्हणे. "हाय अजून. अवो, पोरगा येऊन राह्यला. मशीनीसंगं येऊन राह्यला. दम धरा."

वामनरावांची वहिनी प्रयागबाई तिच्यापुढं पाण्याचा गडवा धरून उभी होती. "घोटभर पे वं बाई."

"ते पेले का?" तुळसाबाई म्हणाली. "ते पेले म्हंजे पेतो."

उन्हानं माती वाळत होती आणि लटकत्या ढेकळातून बारीक मुरूम खाली गळत होता. तो आवाज मला इंजिनापेक्षा मोठा वाटत होता.

मी पुन्हा टाकीशी गेलो. वामनराव बिडी ओढत माझ्या मागं उभे. मी झाकणाला हिसका दिला, फस्स झालं, आणि त्यांच्या बिडीचा धूर सरळ टाकीत गेला.

बाहेर नाही, आत.

मी तसाच थांबलो. टाकी गरम होती, तेव्हा हवा बाहेर फेकली जाते असं मी धरून चाललो होतो. ती तर आत ओढली जात होती. घासलेटच्या पिप्याला एकच भोक पाडलं तर तेल धड पडत नाही. हवेसाठी दुसरं भोक पाडावं लागतं, हे घरोघरी माहीत असतं. पोकलेनच्या टाकीला ते दुसरं भोक झाकणातच असतं. झाकणाच्या बोंडाखाली बारीक जाळी असते. तेल हातातल्या नळकांड्यांत गेलं की तेवढी हवा जाळीतून टाकीत यावी लागते. मी झाकण उघडत होतो तेव्हा टाकी श्वास घेत होती. मी ते लावत होतो तेव्हा तिचा श्वास कोंडत होता.

मी झाकण उलटं केलं. जाळी दिसत नव्हती. तिच्यावर पिवळा, थिजलेला, धुळीनं घट्ट झालेला थर होता. नखानं खरवडला. हळदीचा वास आला. आत पळसाच्या पानाचा एक तुकडा होता.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी तूप-हळदीनं बैलांचे खांदे शेकतात, त्या खांदशेकणीला मी त्यांच्याकडंच होतो. घरातला शेवटचा बैल उन्हाळ्यात गेलेला. तरी तुळसाबाई तूप-हळद कोमट करून, पळसाची पानं घेऊन धुऱ्यावर आली. "बैल नाई म्हून का खांद शेकाचा नाई?" तिनं पोकलेनचा हात जिथं धडाला जोडला आहे तिथं पानानं तूप चोळलं. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," असं त्याला म्हणाली. बळीराम पोट धरून हसत होता. "अवं बह्याड, लोखंड जेवते का?"

"तुमच्यापेक्षा कमीच जेवते," ती म्हणाली. मग मशीनभोवती फिरली. "खांद झाला. याचं वशिंड कुठं हाय रे इस्वनाथा?"

विश्वनाथनं तिला हाताला धरून वर घेतलं होतं आणि टाकीवरचं ते बोंड दाखवलं होतं. "हे पाय माय, हे वशिंड. लाव चांगलं, कंजुसी नको करू."

तिनं सगळं तूप तिथं रिकामं केलं होतं.

विश्वनाथ आता केबिनमधून उतरून माझ्याजवळ आला. त्यानं माझ्या तळहातातलं झाकण पाहिलं, नखातली हळद पाहिली. झाकण माझ्या हातून घेऊन त्यानं बांधावर ठेवलं, टाकी तशीच उघडी ठेवली आणि वर चढला.

काटा दोनशे दहावर गेला. पोकलेननं ते लटकतं ढेकूळ लोणी कापावं तसं मागून कापत नेलं. चौघं दोर बांधून उतरले. घमेली वर यायला लागली.

"बैल गेला अन् झोपा केला," मागं कोणीतरी पुटपुटलं.

"थोबाड बंद ठेव," वामनराव म्हणाले.

इंजिन बंद केलं. तुळसाबाईनं दगड उचलला.

टक. टक.

ती पायपाला कान लावून थांबली. पुन्हा ठोकलं. मग आमच्याकडं पाहून म्हणाली, "थकले असन. सकाळपासून उपाशी हायेत. झोप लागली असन."

सगळ्यांसमोर ती ठोकत राहिली. बाज भरून वर आली तेव्हाही दगड तिच्या हातात होता. बळीरामच्या अंगावर खरचटलंसुद्धा नव्हतं. हातात पाना होता, तो सोडवावा लागला. काटोलहून आलेल्या डॉक्टरांनी सांगितलं की हवा कमी पडली.

तेरवीनंतर मशीन कामावर न्यायचं होतं. झाकण मी घासलेटनं धुऊन, जाळी उजेडाला धरून, परत बसवलं होतं. विश्वनाथनं मला एवढंच सांगितलं होतं, "मायले नका सांगू, सायेब. इचारलं त म्हना, पुर्जा मोडला होता."

तिनं विचारलं नाही. ती वाटी घेऊन आली. वाटीत तूप-हळद, पदरात पळसाची पानं.

"आता काय पोळा हाय वं माय?" विश्वनाथ म्हणाला.

"पोळा नसो. यानं त्याईले साबूत वर आनलं. मले तोंड पाहाले भेटलं. कोना कोनाले तेबी भेटत नाई." तिनं हाताच्या सांध्याला तूप चोळलं, दोन्ही बाजूंनी, पूर्वीसारखंच. मग पायरीवर पाय देऊन स्वतःच वर चढली आणि पान घेऊन टाकीवरच्या बोंडाकडं हात नेला.

विश्वनाथनं मध्येच तिचं मनगट धरलं.

"तिथं नको, माय."

"काहून?"

त्यानं मनगट सोडलं नाही.

"तूनंच त सांगतलं होतं न रे, हे वशिंड हाय म्हून?"

ती एकदा त्याच्याकडं पाहत होती, एकदा माझ्याकडं. मग तिनं टाकीकडं पाहिलं. टाकीच्या कडेला पोळ्याच्या आदल्या दिवसाची पिवळी बोटं अजून उमटलेली होती, धुळीनं मळलेली. फक्त झाकण लख्ख होतं. तिनं वाकून त्याला बोट लावलं आणि बोटाचा वास घेतला. घासलेटचा वास.

पळसाचं पान तिच्या हातातून पडलं. ती खाली उतरली. वाटी बांधावर ठेवली, पदराच्या आतल्या बाजूनं एकेक बोट पुसायला लागली. पुसून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून.

विश्वनाथ खाली उतरून तिच्याजवळ जमिनीवर बसला. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवायला उचलला, आणि तळव्याकडं पाहून तसाच मागं घेतला.

"जाय," ती म्हणाली. "कामाले जाय. चालू कर त्याले."

तो चढला. इंजिन सुरू झालं. हात जमिनीवरून उठला आणि झाडांच्या शेंड्यांवर जाऊन थांबला.

मी काटा पाहिला. दोनशे दहा.