मिस्त्रीची बायको

"टाके सुटतात म्हणून सुईला कशाला दोष देता, साहेब? खालचा हूक सरकलाय," अक्का म्हणाली आणि परीक्षेच्या शिलाई मशीनच्या पोटात तिने स्क्रूड्रायव्हर घातला.

साहेबांनी त्यात मुद्दाम तीन बिघाड करून ठेवले होते. दोन पुरुष उमेदवार पहिल्यातच घाम पुसत बसले होते. अक्काने तिन्ही काढले आणि वर चौथाही दाखवला, जो साहेबांनाही ठाऊक नव्हता.

कपड्यांच्या त्या कारखान्यात तिने बावीस वर्षं कॉलरी शिवल्या होत्या. पुढच्या महिन्यात तिला पंचेचाळीस वर्षं पूर्ण होणार होती. पंचेचाळीस झाली की बाईची नजर गेली, असा कारखान्याचा हिशेब. मग तिला खाली बसवून निम्म्या पगारावर धागे कापायला लावत. पुरुषांची नजर तेवढी निवृत्तीपर्यंत शाबूत राही, देवाची करणी! म्हणून मशीन दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीची एक जागा बायकांनाही खुली झाली, तेव्हा पहिला अर्ज तिचा होता.

लाइनचा जुना मिस्त्री तिचाच नवरा. सहा वर्षांपूर्वी त्याचा उजवा हात थरथरू लागला. तेव्हापासून जेवणाच्या सुट्टीत मशीनं तीच दुरुस्त करी. शिकली ती स्वतःच, खोलून आणि जोडून. सुट्टी संपली की तो मशीनपाशी हात पुसत उभा राही. लाइनीतल्या पोरींना सगळं माहीत होतं, पण झाकली मूठ सव्वा लाखाची.

"कुठं शिकलात हे, बाई?" साहेबांनी विचारलं.

नवरा दाराशीच उभा होता. खरं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण चारचौघांत त्याला मान खाली घालायला कशी लावायची?

"यांनी शिकवलं," ती म्हणाली, आणि आता तरी हा खरं बोलेल म्हणून थांबली.

"घरीच, साहेब. थोडं थोडं," नवरा म्हणाला.

"वा! मग गुरू हाताशी असताना चेलीला कशाला घ्यायचं?" साहेब हसले.

आठवड्याने निकाल लागला. ती जागा रद्द झाली. बायकांना काम शिकवायला हेड मिस्त्री नेमला, तिचा नवरा.

"घरातच आली ना बढती?" रात्री तो म्हणाला.

अक्काला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. ती न जेवताच उठली.

पुढच्या महिन्यात ती धागे कापायला बसली. तिसऱ्याच दिवशी एक मशीन बंद पडलं. शिकाऊ पोरी वह्या घेऊन भोवती जमल्या. नवऱ्याने झाकण उघडलं, आत पाहिलं आणि तो तिच्याकडे आला.

"जरा बघतेस का?" तो पुटपुटला.

"तुम्हीच शिकवलंत ना मला?" अक्का म्हणाली. "मग शिकवा की त्यांनाही."

तो परत गेला. स्क्रू त्याच्या हातून निसटला, त्याने उचलला, तो पुन्हा निसटला. पोरी वळून अक्काकडे पाहू लागल्या. तिने मान वर केली नाही. मांडीवरच्या शर्टाचा धागा कापला आणि ढिगातला पुढचा शर्ट ओढला.