शिवणखोलीतली पेटी

काका निवृत्त झाले आणि त्यांच्या कानांना अचानक कामधंदा हवासा झाला. नोकरीत होते तोवर ते कान साहेबांचं ऐकण्यात झिजले. आता घरी बायकोचं ऐकायची वेळ येईल, या धास्तीनेच की काय, त्यांनी संगीताचा ध्यास घेतला. कपाटभर सीडी होत्या, खोकंभर कॅसेटी होत्या. ते सगळं एका पेटीत भरायचं, पेटी घरातल्या इंटरनेटला जोडायची, आणि मग खुर्चीत बसून मोबाइलवर बोट टेकवलं की दिवाणखान्यातल्या स्पीकरमधून हवं ते गाणं, असा बेत होता.

"आणि स्वयंपाकघरात तुझ्यासाठी एक छोटा स्पीकर," ते म्हणाले. "तुझीही सोय."

"माझी सोय मी कुठे मागितली होती?" शिवणकाकू म्हणाली. पण तिच्या ओठांत टाचण्या धरलेल्या होत्या, त्यामुळे ते त्यांना नीट ऐकू गेलं नसावं.

शिवणकाकू हे तिला गल्लीने दिलेलं नाव. घराच्या पाठच्या खोलीत तिचं मोटरचं शिलाई मशीन, कापायचं टेबल आणि खिडकीतून येणारा छान उजेड. पडद्यांपासून लग्नाच्या कोटांपर्यंत सगळं तिथे शिवलं जाई. मधे काकांचं ऑफिस कुलूपबंद झालं होतं, तेव्हा घर त्याच खोलीतून चाललं. हे कुणी बोलून दाखवत नसे. ती तर नाहीच.

पेटी निवडायला काकांनी कितीतरी महिने घेतले. मुलगी बघायला गेलेल्या माणसांनीही एवढी चौकशी केली नसती. दूर राहणारा लेक फोनवरून एक सांगायचा, इंटरनेटवरचे जाणकार दुसरं, आणि रेडिओवाला तिसरं. रेडिओवाला हा काकांचा शाळेपासूनचा मित्र. लोकांनी रेडिओ दुरुस्त करून घ्यायचं सोडलं तेव्हा त्याने दुकान बंद केलं. तोंड मात्र चालू ठेवलं.

"वायफायच्या नादी लागू नकोस," तो म्हणाला. "तुझ्या भिंती जाड. गाणं अडखळत येईल, तोतऱ्यासारखं. सरळ वायर ओढ."

वायर ओढायची तर राउटरपासून. आणि राउटर होता शिवणखोलीच्या खिडकीत, कारण बाहेरची लाइन तिथूनच घरात येत होती.

"एक फळी फक्त," काका म्हणाले.

तिने दोऱ्यांच्या रिळांची फळी रिकामी करून दिली. पेटी आली. काळी, गुळगुळीत, विटेएवढी. आत पंखा होता, तो सतत घुरघुरायचा, म्हणून तिला दिवाणखान्यात ठेवणं शक्यच नव्हतं. तिथे तर ऐकायचं होतं. मग पेटीला जवळ हवा खेळती लागते असं कळलं, म्हणून कापायचं टेबल भिंतीकडे सरकलं. मग कापडाचे तंतू उडून पंख्यात जातात असं कळलं, म्हणून टेबल बाहेरच्या पॅसेजमध्ये गेलं. तिथे काकू वाकून वाकून कापू लागली आणि येणाराजाणारा कापडावर पाय देऊ लागला.

"पाहुणी मोठी नाजूक आहे हो तुमची," ती म्हणाली. "तिला आंघोळबिंघोळ घालायची असली तर सांगा."

"थट्टा कर तू. एकदा सुरू होऊ दे, मग बघ."

सुरू झाली. काकांनी खुर्चीची जागा मोजूनमापून ठरवली, दोन्ही स्पीकरपासून सारख्या अंतरावर, आणि फरशीवर चिकटपट्टीची फुली मारली. खुर्ची त्या फुलीवरच हवी. बोटभर इकडेतिकडे झाली तरी गाणारी बाई म्हणे एका बाजूला कलते. पहिल्या दुपारी ते खुर्चीत डोळे मिटून बसले, गाणं संपलं, आणि दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत त्यांनी डोळे उघडले.

"घूं येतंय."

"काय येतंय?"

"घूं. बारीक. ऐक ना."

होतं खरं. गाणं चालू असताना कळायचं नाही, थांबलं की भिंतीपलीकडे कुणी माशी डबीत धरून बसल्यासारखं. काकांनी वायरी बदलल्या, प्लग उलटेसुलटे करून पाहिले, जेवताना त्याच विषयाने तिचं डोकं खाल्लं. आणि शेवटी त्यांची नजर शिवणखोलीच्या दाराकडे गेली.

"तुझी मोटर. एकाच लाइनवर आहे ना. तीच वीज घाण करते."

"मी थांबते, तुम्ही ऐका." तिने पायपट्टीवरून पाय उचलला.

काका बराच वेळ कान लावून बसले. "कमी झालं," ते म्हणाले.

तिला तर तेवढंच वाटलं. पण कान त्यांचे होते. ती काय बोलणार? दुपारी मशीन बंद ठेवायचं ठरलं. मग संध्याकाळीही. गिऱ्हाइकं खेपा घालून कंटाळली आणि मोठ्या दुकानातल्या दुरुस्तीच्या काउंटरकडे वळली. एवढं करून घूं होतंच. "प्लग लावलेला असला तरी पुरे," काका म्हणाले. "मशीनच नको त्या खोलीत."

दुसरी खोली तर नव्हतीच. तेव्हा नणंदेचं नाव निघालं. तिच्या लेकीला शिवण शिकायचं होतं. "काही दिवस तिथे राहू दे," काका म्हणाले. "बघू तरी फरक पडतो का."

फरक पडला. मशीन टेम्पोत चढलं, आणि त्या संध्याकाळी काकांनी तिला बोलावून ऐकवलं. दोन गाण्यांच्या मधे काहीही नव्हतं. स्वच्छ. काकूने मान डोलावली. आपल्याच मशीनचा दोष होता, हे तिने एखाद्या नातलगाची चोरी पकडली जावी तसं गिळलं.

बेकरीवाली आपल्या मुलाचा कोट घेऊन आली, तेव्हा नाही म्हणायला तिची जीभ रेटली नाही. कोट पिशवीतच दाराआड लटकत राहिला.

मग एका दुपारी रेडिओवाला ऐकायला आला. काका दूध आणायला कोपऱ्यावर गेले होते. काकू चहाचं आधण ठेवत होती.

"वहिनी, गेला ना तो आवाज?" तो स्वयंपाकघराच्या दारातूनच म्हणाला. "सांगतो काय, तो अडॅप्टरच टाकाऊ होता. पेटीबरोबर फुकट आलेला. मी माझ्याकडचा जुना जड अडॅप्टर लावून दिला, क्षणात गप्प!"

"कधी लावलात?"

"तुम्ही नव्हता तेव्हा. बटणं आणायला गेला होतात म्हणे. तुमचं मशीन होतं की तेव्हा तिथेच. मी त्यालाच टेकून बसलो होतो."

काकूला ती बटणांची दुपार आठवली. ती परत आली तेव्हा काकांनी स्वतः चहा केला होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, हा माणूस आज चहा करतोय, म्हणून ती मनातून हरखली होती. टेम्पो त्यानंतर आला. म्हणजे मशीन दारातून बाहेर पडलं तेव्हा घूं केव्हाच गेलेलं होतं, आणि टेम्पोला मशीन बांधायची दोरी काकांनी धरली होती.

तिने रेडिओवाल्याला बिनदुधाचाच चहा दिला, साखर विचारली, आणि नणंदेला फोन लावला.

"वन्सं, मशीन परत हवं होतं."

"अगं वहिनी, पोरीने त्याच्यावर कामं धरलीत. शेजारपाजारचे कपडे शिवते. दादा म्हणाला, तुझे डोळे थकले, तूच हौसेने देतेयस. तसं नव्हतं का?"

मागे मशीन चालू होतं. तिचंच. शिवणीच्या शेवटाकडे किंचित कुरकुरतं, ते तिला फोनवरही ओळखू आलं.

"तसंच होतं," काकू म्हणाली. "चालू दे पोरीचं."

काका दुधाची पिशवी घेऊन आले तेव्हा मित्र निघून गेला होता.

"अडॅप्टर चांगला दिला हो त्यांनी," ती म्हणाली.

काका थांबले. दूध ठेवायला त्यांना जागा सापडेना. "अगं, तुला आराम मिळावा म्हणून... आणि नाहीतरी खोलीत दोन्ही मावत नव्हतं. गिऱ्हाइकंही कमीच झाली होती."

"कशी कमी झाली होती?"

काकांनी दुधाची पिशवी तिच्याच हातात दिली. संध्याकाळ झाली तशी सवयीने गाणं लावलं आणि वळून पाहिलं, तर फुलीवरच्या खुर्चीत काकू बसली होती. मांडीवर बेकरीवालीच्या मुलाचा कोट, हातात सुई.

"ही माझी जागा आहे."

"माहीत आहे. खूण आहे की खाली."

"मग मी कुठे बसू?"

"पाठच्या खोलीत. तिथे आता भरपूर जागा आहे."

"तिथे नुसती पेटी घुरघुरते."

तिने दाताने दोरा तोडला आणि सुईच्या नेढ्यात ओवू लागली. काका उजव्या स्पीकरपाशी उभे राहिले, गाणारी बाई त्यांच्या एकाच कानात गात राहिली. मशीनवर हा कोट चहा निवायच्या आत झाला असता. हाताने शिवायची सवय काकूच्या बोटांना राहिली नव्हती. पहिली ओळ वाकडी गेली. तिने ती उसवली आणि पुन्हा सुरुवातीपासून धरली.

शेवटी काकांनी गाणं बंद केलं. घूं खरंच गेलं होतं. कापडातून दोरा ओढल्याचा आवाजसुद्धा ऐकू येत होता, आणि तो ऐकत त्यांना तसंच उभं राहावं लागलं.