आत्याने मागितलेली होडी

लिफुका बेटावर विमान उतरतं, मोठी बोट आठवड्यातून एकदा लागते आणि त्यापुढच्या बेटांवर कुणाला जायचं असेल तर त्याने पिसिलाच्या होडीत बसावं. नाहीतर पोहावं. आधी बापाच्या हाताखाली आणि त्याचे गुडघे गेल्यापासून एकटीने, अशी बारा वर्षं ती ही फायबरची होडी चालवत होती. गुरुवारी बाप वारला आणि शुक्रवारी त्याच होडीतून ती लोसा आत्याला आणायला उइहा बेटावर निघाली. घर लुटणारीला आपल्याच हाताने आणायचं म्हणजे काय ते तिलाच ठाऊक.

पण इलाज नव्हता. आत्या म्हणजे बापाची थोरली बहीण. ती प्रेताच्या उशाशी बसल्याशिवाय माती देता येत नाही आणि तिथे बसून ती किंवा तिचा मुलगा जे मागेल त्याला नाही म्हणता येत नाही. आत्या काय मागणार हे बेटावरच्या डुकरांनाही माहीत होतं.

"जरा हळू हाक," आत्या होडीत बसताबसता म्हणाली. "सोमवारपासून माझा फाताई चालवणार आहे. खिळखिळी करून ठेवू नकोस."

"फाताईला खडकांतली वाट माहीत आहे?"

"पुरुष आहे तो. तुला जमतं ते त्याला जमणार नाही होय?"

पिसिलाने पुढची लाट मुद्दाम आडवी घेतली. आत्या नखशिखांत भिजली.

शनिवारी माती झाली. त्याआधी रिवाजाप्रमाणे आत्याने पिसिलाचे कमरेइतके केस कापले, पण रिवाजात नव्हतं इतक्या वर, कानांपर्यंत, उंदराने कुरतडल्यासारखे. मग फाताईने होडी मागितली. पिसिलाने मान खाली घालून दोन्ही हातांनी इंजिनाची किल्ली दिली. पोर वळणाची आहे, असं लोक म्हणाले. पोरीच्या अंगाचा नुसता भडका उडाला होता.

आत्याला एवढ्यानेही चैन पडेना. उद्या लोक पुन्हा पिसिलालाच हाक मारतील, ही तिची भीती. तिने सगळ्यांदेखत पिसिलाच्या कमरेला सुतकाची फाटकी चटई बांधली. "दहा दिवस ही सुटता कामा नये. चुलीपाशी राहायचं. धक्क्यावर पाऊल टाकायचं नाही, होडीला हात लावायचा नाही. माझ्या भावाचं सुतक आहे."

"बरं, आत्या."

रविवारी इथे कुणी होडी पाण्यात घालत नाही. सोमवारी सकाळी धक्क्यावर दोन परदेशी प्रवासी उइहाला जायला येऊन उभे राहिले. आत्यालाही मातीच्या वेळी मानाने मिळालेल्या चटयांच्या गुंडाळ्या घेऊन घरी जायचं होतं. पण पुरती ओहोटी होती, खडकांची डोकी वर आली होती आणि आत्याचा जन्म याच पाण्यात गेला होता. ती तरातरा चुलीपाशी आली.

"चल, ऊठ. आजच्यापुरती तू चालव."

"मला सुतक आहे."

"मी सांगते ना!"

"मग चटई तुम्हीच सोडा. बाहेर बायका कंद सोलतायत, त्यांच्यासमोर सोडा. भावाचं सुतक दोन दिवसांत फिटलं म्हणून सांगा त्यांना."

आत्याचा चेहरा उतरला. ती हळू आवाजात म्हणाली, "निदान वाट तरी सांग."

पाण्यातल्या पांढऱ्या खांबाच्या बाहेरून जा, एवढंच सांगायचं होतं. पिसिलाने चुलीत एक लाकूड सारलं.

"पुरुष आहे तो. जमेल त्याला."

फाताईने होडी खांबाच्या आतून घातली. तडकल्याचा आवाज चुलीपर्यंत आला. पिसिला दारात येऊन उभी राहिली. गुडघाभर पाण्यातून प्रवासी डोक्यावर पिशव्या धरून परत येत होते आणि मागून आत्या धडपडत, फाताईला शिव्या घालत, वाहत्या चटया गोळा करत होती. पिसिला खदखदून हसली. तिला मनापासून बरं वाटलं.

होडी खडकावर अडकली होती. धावत आलेल्या माणसांना ती कुठून ओढायची ते कळेना. भरती यायच्या आत मागच्या बाजूला दोर बांधून ओढली असती तर ती निघाली असती. हेही पिसिलालाच माहीत होतं. बापाने एकदा तशीच काढली होती.

"पिसिला, ये गं!" ते धक्क्यावरून ओरडत होते. "सोड ती चटई!"

आत्या वाळूवर ओलीचिंब बसली होती. ती नुसतं 'ये' म्हणाली असती तरी पिसिला गेली असती. आत्या म्हणाली नाही. पिसिला दारातून हलली नाही.

दुपारी भरतीने होडीचे दोन तुकडे केले. तेव्हा मात्र पिसिला ऊर फुटेस्तोवर रडली. बापासाठी रडते आहे असं वाटून बायकांनी तिला जवळ घेतलं.