साक्षीदाराने गाळलेल्या सहा ओळी

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. जिन्यात माणसं, खिडक्यांच्या कट्ट्यावर माणसं, पुढच्या रांगांत खुर्च्यांवर बसवून आणलेले आजारी. सगळ्यांचे डोळे चौथऱ्यावरच्या मेजाकडे लागलेले. मेजामागे पांढऱ्या कपड्यांतली एक बाई बसली होती. तिच्या डोळ्यांवर काळी जाड पट्टी होती आणि हातातली लेखणी न अडखळता चालत होती. कागदावर उमटत होती ती ग्रीक अक्षरं, ख्रिस्ती धर्मग्रंथातल्या शुभवर्तमानाची.

बाजूला उभे राहून तिचे थोरले दीर लोकांना समजावत होते. ही सातवी शिकलेली. हिला ग्रीक येत नाही, हिच्या बापाला येत नव्हतं, मलाही येत नाही. मग लिहितं कोण? प्रभू डोंगरावर बोलले तेव्हा तिसऱ्या रांगेत बसलेला एक साक्षीदार हिच्या हातून लिहितो. डोंगरावर रांगा कोणी लावल्या होत्या, हे कोणी विचारलं नाही. मागच्या महिन्यात हाच साक्षीदार पाचव्या रांगेत होता, हेही कोणाच्या ध्यानात आलं नाही. लिहिलेला कागद दंडाला बांधायचा. संधिवात, पोटदुखी, कोर्टातला खटला, सगळ्यावर एकच कागद चालत होता.

लोक तिला लेखणीताई म्हणत. घरात ती नुसती धाकटी होती. तिला ग्रीक येत नव्हतं, हे मात्र सोळा आणे खरं. दिरांच्या बोलण्यात तेवढंच खरं होतं. बाकीचं कसं घडतं ते घरातल्या तिघांनाच ठाऊक होतं.

नवरा गेला तेव्हा धाकटी भरतकामाच्या कारखान्यात होती. कागदावरची वेलबुट्टी कापडावर उतरवायची, हे तिचं काम. हात असा की अस्सल आणि नक्कल शेजारी ठेवली तर मालकही चकायचा. राहायला ती दिरांकडेच होती. दिरांचं जुन्या पुस्तकांचं दुकान होतं. तिथे एकदा बसल्या बसल्या तिने एका परक्या लिपीतलं पान गंमत म्हणून जसंच्या तसं उतरवलं. दीर ते कितीतरी वेळ पाहत राहिले. एका पाहुण्यासमोर एकदाच, असं म्हणून सुरुवात झाली. त्याला आता दोन वर्षं झाली होती.

दाराला कुलूप नव्हतं, हेच सगळ्यात वाईट. कुलूप असतं तर ते फोडता आलं असतं. ती बाहेर पडली की लोक रस्त्यात वाकून नमस्कार करत, मागे मागे येत, पदराला हात लावत. भाजी घ्यायला गेली तर भाजीवाला वजन करायचं सोडून हात जोडून उभा राहायचा. कारखान्यात पुन्हा कामाला येऊ का म्हणून विचारलं, तेव्हा मालकाने जीभ चावली. तुमच्याकडून फुलं काढून घेतली तर मला पाप लागेल, म्हणाला. सोबतीला जाऊबाई सावलीसारख्या असायच्या. त्या वाईट नव्हत्या, पण घाबरट होत्या. आता मागे फिरलो तर लोक आपल्याला उभं जाळतील, एवढंच त्या म्हणायच्या. रात्री धाकटी उशीखाली दोन्ही हात दाबून झोपायची, जणू ते दुसऱ्या कोणाचे होते.

एका बैठकीनंतर बेकरीत काम करणारी एक बाई तिच्या पायाशी बसली. तिच्या नऊ वर्षांच्या मुलीला फिट यायच्या. तुमचा कागद दंडाला बांधला आणि त्याच दिवशी गोळ्या बंद केल्या, असं ती भरल्या डोळ्यांनी सांगू लागली. गोळ्यांनी पोर दिवसभर झोपून राहायची, आता कशी टवटवीत झाली आहे. मुलगी शेजारी उभी होती. तिच्या हनुवटीला चार टाके होते. जिन्यात पडली, आई म्हणाली, पण कागद होता म्हणून तेवढ्यावर निभावलं.

त्या संध्याकाळी धाकटी दिरांशी पहिल्यांदा भांडली. ते शांतपणे ऐकत राहिले.

“गोळ्या बंद करा असं मी कधी म्हटलं?” ते म्हणाले. “तूही म्हटलं नाहीस. मग आपल्या अंगाला कसं लागतं ते?”

“त्या पोरीच्या अंगाला लागलंय, भाऊजी.”

यावर त्यांनी आवाजही चढवला नाही. उद्या तू खरं सांगितलंस तरी लोक आधी तुलाच विचारतील, असं त्यांनी समजावलं. लेखणी कोणाच्या हातात होती? दोन वर्षं कोण लिहीत होतं? ते खोटं नव्हतं, हे धाकटीलाही ठाऊक होतं.

पुढच्या बैठकीला एक म्हाताऱ्या बाई काठी टेकत आल्या. आयुष्यभर कॉलेजात प्राचीन भाषा शिकवून निवृत्त झालेल्या. दर रविवारी प्रार्थनेला जाणाऱ्या म्हणून गावात त्यांना मान होता. शेजारणीला मिळालेला कागद त्यांच्या हातात होता. साक्षीदाराला दोन प्रश्न विचारायचे आहेत, असं त्यांनी सांगितलं. एवढ्या लोकांसमोर दिरांना नाही म्हणता येईना.

प्रोफेसरबाईंनी वर्गात शिकवावं तसं सुरू केलं. प्रभू आणि त्यांचे सोबती बोलत होते ती अरामी भाषा. शुभवर्तमानं लिहिली गेली ग्रीकमध्ये, आणि तीही प्रभूंच्या नंतर कित्येक दशकांनी. त्यांची मूळ प्रत आज जगात कुठेही नाही. आहेत त्या हातांनी केलेल्या नकलांच्या नकला. डोंगराच्या उतारावर बसलेला गावचा माणूस अरामी सोडून ग्रीक का लिहील? बरं, लिहील म्हणा. पण त्या काळची ग्रीक पुस्तकं सगळी मोठ्या अक्षरांत असत, दोन शब्दांमध्ये जागाही सोडत नसत. पुस्तकांत ही बारीक, वळणदार अक्षरं रुळली ती सात-आठशे वर्षांनी. साक्षीदाराला ती आली कुठून?

दीर हसले. “बाई, आत्मा अमर असतो. इतक्या वर्षांत तो नवीन अक्षर शिकला असेल.”

लोकही हसले, कोणीतरी टाळी वाजवली.

“असेल,” प्रोफेसरबाई म्हणाल्या. “मग इतक्या हुशार माणसाला प्रभूंचे शब्द का आठवत नाहीत?”

त्यांनी कागद वर धरला. डोंगरावरच्या प्रवचनात कोणकोण धन्य आहेत याची यादी आहे, तुमच्यापैकी निम्म्यांना ती पाठ असेल. या कागदावर पहिली ओळ आहे, मनाने दीन असलेल्यांची. तिच्यानंतर एकदम छळ सोसणाऱ्यांची. मधल्या सहा ओळी नाहीत. शोक करणारे नाहीत, दयाळू नाहीत, शांती करणारे नाहीत. सभागृहात कुजबुज झाली.

मग त्यांनी कारण सांगितलं. हस्तलिखितं वाचण्यात वर्षानुवर्षं घालवलेल्या बाईलाच ते दिसावं असं होतं. ऐकून लिहिणारा चुकतो तेव्हा एका शब्दाऐवजी तसाच ऐकू येणारा दुसरा लिहितो. पाहून लिहिणाऱ्याची चूक वेगळी. या सगळ्या ओळी ग्रीकमध्ये एकाच शब्दाने सुरू होतात. नक्कल करणारा एक ओळ उतरवतो, कागदाकडे पाहतो, पुन्हा मूळ पानाकडे पाहतो, आणि डोळा पुढच्या ओळीऐवजी तशाच सुरू होणाऱ्या छळाच्या ओळीवर जाऊन बसतो. मधलं सगळं गळतं. जुन्या नकलाकारांनी हीच चूक शेकडो वेळा केली आहे.

“ही कानाची चूक नाही, डोळ्याची आहे,” त्या म्हणाल्या. “या बाईंना कोणी काही सांगत नाही. त्या कुठलंतरी पान बघतात. ते कुठे आहे मला माहीत नाही. त्यांच्या हनुवटीखाली एक पुठ्ठा धरा आणि पुन्हा लिहायला सांगा.”

दिरांनी दोन्ही हात वर केले. देवाची परीक्षा बघायची नसते, ते म्हणाले, आणि ते त्यांनी इतक्या दुःखाने म्हटलं की लोकांना प्रोफेसरबाईंचाच राग आला. मागून कोणीतरी त्यांना बाहेर काढा म्हणालं. एकाने त्यांची काठी ओढली. म्हाताऱ्या बाई खुर्चीची पाठ धरून उभ्या राहिल्या. त्या हरल्या होत्या, आणि हे दिरांना, धाकटीला आणि खुद्द त्यांनाही कळत होतं.

पट्टीच्या खालच्या फटीतून धाकटीला आपले हात दिसत होते. असं नाकाच्या कडेने खाली पाहिलं की हवं ते सगळं दिसतं, पट्टी कितीही जाड असो. आता बोलले नाही तर कधीच बोलणार नाही, हे तिला कळलं. तिने पट्टी सोडली.

उजेडाने तिचे डोळे दिपले. मेजाचा खण तिच्या बाजूने अर्धा उघडा होता. तो तिने पुरता ओढला आणि आत टाचणीने लावलेलं छापील पान काढून लोकांसमोर धरलं.

“बाईंचं बरोबर आहे,” ती म्हणाली. “मी हे बघून लिहिते. पट्टीखालून दिसतं. साक्षीदार कोणी नाही. मला यातला एक शब्दही कळत नाही.”

एकच गलका झाला. खुर्च्या पडल्या, दीर मागच्या दाराने निघून गेले, जाऊबाई तिथेच रडत बसल्या. कोणीतरी शाईची दौत फेकली, ती धाकटीच्या खांद्याला लागली. प्रोफेसरबाई काठीशिवायच चौथऱ्यावर चढल्या आणि तिच्या शेजारी उभ्या राहिल्या. तिला त्यांनी आपल्या घरी नेलं.

काही लोकांचं मत बदललं नाही. पट्टी काढल्यामुळे साक्षीदार रागावला, असं ते सांगू लागले. प्रोफेसरबाईंच्या दाराशी येऊन एक शेवटचा कागद मागणारेही होते.

चौथ्या दिवशी धाकटी बेकरीमागच्या गल्लीत गेली. मुलीच्या आईने दार अर्धंच उघडलं. आत पोर झोपली होती, दंडाचा कागद तसाच होता.

“आता काय आणलंत?” आईने विचारलं.

“काही नाही. तो कागद काढा आणि गोळ्या पुन्हा सुरू करा, एवढं सांगायला आले.”

“का ऐकू मी तुमचं? तुम्ही फसवलंत मला.”

“हो, फसवलं,” धाकटी म्हणाली. “म्हणून माझं ऐकूच नका. डॉक्टरांकडे जा. ते सांगतील त्यावरही त्यांना विचारा, कशावरून. ज्याचं खरं आहे त्याला त्या प्रश्नाचा राग येत नाही. आम्हाला तो कोणी विचारला असता तर दोन दिवसही टिकलो नसतो.”

आईने वळून झोपलेल्या पोरीकडे पाहिलं. मग तिने हळूच विचारलं, “ती गोळी इतक्या दिवसांनी एकदम पूर्ण द्यायची, की अर्धी?”

दोन वर्षं लेखणीताईकडे प्रत्येक दुखण्याचं उत्तर होतं.

“मला माहीत नाही,” धाकटी म्हणाली. “चला, दवाखाना उघडा असेल. विचारून येऊ.”